वहिवाटीपुरता एक सिनेमा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की भुताखेतांच्या सिनेमाच्या नवव्या भागावर इतिहासाचं व्याख्यान कसलं? प्रश्न रास्त आहे. त्यातून हा सिनेमा चांगला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो चांगला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. 'हेलरेझर: रेव्हलेशन्स' हे त्याचं नाव, साल 2011, लांबी जेमतेम सव्वा तास. तो बघावा अशी शिफारस करायला आम्ही इथे आलेलो नाही. तो का निघाला, एवढंच सांगायचंय. कारण त्या 'का'मध्ये गेल्या चाळीस वर्षांचा बराच इतिहास दडलेला आहे.

आपल्याकडे खेड्यापाड्यात एक दृश्य पूर्वी हमखास दिसायचं. जमिनीचा वाद चालू आहे, पेरून काही हाती लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक भाऊ पहाटे जाऊन शेतात नांगराचे चार तास मारून येतो. पीक नको असतं त्याला. वहिवाट दाखवायची असते. उद्या पीकपाहणीत आपलं नाव लागावं, जमीन पडीक होती असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी तो नांगर. 'रेव्हलेशन्स' हा असा नांगर आहे. आता ही जमीन कोणाची होती, इथून सुरुवात करू.

क्लाइव्ह बार्कर हा लिव्हरपूलचा लेखक. 1980 च्या दशकाच्या मध्यावर 'बुक्स ऑफ ब्लड' या कथासंग्रहांनी त्याचं नाव झालं. त्याच सुमारास त्याच्या लेखनावरून दोन सिनेमे निघाले, 'अंडरवर्ल्ड' आणि 'रॉहेड रेक्स'. दोन्ही पाहून तो वैतागला. आपल्या गोष्टीचं असंच होणार असेल तर पुढचा सिनेमा आपणच करावा, असं त्यानं ठरवलं. हाताशी एक लघुकादंबरी होती, 'द हेलबाउंड हार्ट'. ती 1986 मध्ये एका भयकथासंग्रहात छापली गेली. त्या संग्रहाचे संपादक होते जॉर्ज आर. आर. मार्टिन, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले तेच, बरं का.

गोष्ट अगदी घरगुती आहे. फ्रँक नावाचा एक भोगी माणूस, सगळी सुखं चाखून कंटाळलेला. त्याला एक पितळी कोड्याची पेटी मिळते. ती उघडली की पलीकडच्या जगाचे पुजारी येतात. सुख आणि यातना यांत त्यांना फरकच दिसत नाही. ते फ्रँकला फाडून घेऊन जातात. पुढे त्याच घरात त्याचा भाऊ आपल्या बायकोसह राहायला येतो. भावाच्या हाताला जखम होते, रक्त जमिनीवर सांडतं आणि त्या रक्तातून फ्रँक परतायला लागतो, अर्धा, कातडीविना. भावाच्या बायकोचे आणि त्याचे जुने संबंध. पूर्ण शरीर मिळावं म्हणून ती त्याला माणसं आणून देते. म्हणजे बघा, नरक बाजूलाच राहतो. खरी भीती आहे ती एका लग्नाच्या आत काय चाललंय याची. आमच्या मते पहिल्या सिनेमाची सगळी ताकद इथे आहे, आणि पुढच्या बहुतेक भागांनी नेमकं हेच सोडून दिलं.

सिनेमा 1987 मध्ये आला. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, चित्रीकरण लंडनमध्ये, पैसा अमेरिकेतल्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सचा. पैसा तिकडचा म्हटल्यावर गोष्टही तिकडची वाटली पाहिजे! चित्रीकरण झाल्यावर काही ब्रिटिश नटांचे आवाज काढून अमेरिकी आवाज भरले गेले. घर लंडनचं, रस्ता लंडनचा, बोलणं अमेरिकेचं; आजही पाहताना हे मध्येच खटकतं. पण सिनेमा चालला. एकट्या अमेरिकेत त्यानं एक कोटी चाळीस लाख डॉलरच्या आसपास गल्ला केला. आणि त्यातला एक चेहरा लोकांच्या डोक्यातून गेला नाही: डोक्यावर चौकटी आखलेल्या, प्रत्येक छेदाला एक खिळा. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याला नुसतं 'मुख्य सेनोबाइट' म्हटलं होतं. 'पिनहेड' हे त्याचं टोपणनाव, आणि पुढे तेच अधिकृत झालं. डग ब्रॅडली नावाचा नट ते काम करायचा. बार्करचा तो तरुणपणापासूनचा नाटकातला सोबती.

आता महत्त्वाची गोष्ट. हा पहिला सिनेमा स्वतः दिग्दर्शित करता यावा, यासाठी बार्करनं या मालिकेचे हक्क लिहून दिले. नवखा दिग्दर्शक, परका निर्माता. सौद्यात कोणाचं पारडं जड असणार ते सांगायला नको. तेव्हा हे फार मोठं दान आहे असं त्याला वाटलंही नसेल. अजून न बनलेल्या सिनेमाच्या पुढच्या भागांची किंमत कोण लावणार?

पुढचे भाग आम्ही भराभर सांगतो, कारण सगळ्यांवर थांबण्यात अर्थ नाही. दुसरा 1988 चा, पहिल्याइतकाच देखणा. 1987 च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि न्यू वर्ल्डची तब्येत बिघडली, त्यामुळे त्याचं बजेट मध्येच कापलं गेलं, तरीही. तिसरा 1992 चा, आणि इथे मालिका डायमेन्शन या कंपनीच्या छताखाली आली. डायमेन्शन म्हणजे वाइनस्टीन बंधूंची भयपटांची शाखा. चौथा 1996 चा. त्यात इतकी ढवळाढवळ झाली की दिग्दर्शकानं आपलं नाव काढून घेतलं आणि पडद्यावर 'ॲलन स्मिथी' आलं. हॉलिवूडमध्ये दिग्दर्शकाला आपल्याच सिनेमाची लाज वाटली की वापरायचं ते ठरीव खोटं नाव.

चौथ्यानंतर चित्रपटगृह संपलं. पाचवा, सहावा, सातवा, आठवा हे 2000 ते 2005 या काळातले सगळे भाग अमेरिकेत थेट व्हिडिओवर आले. आपल्यापैकी जे व्हिडिओ लायब्ररीच्या काळात वाढले त्यांना हा प्रकार चांगला माहीत असेल. कपाटात पुठ्ठ्याची खोकी ओळीनं लावलेली, नाव ओळखीचं, चित्र भयंकर, आणि घरी येऊन लावलं की आतला सिनेमा भलताच. तो धंदा चालायचा तो खोक्यावरच्या नावावर. नाव ओळखीचं असलं की भाड्यानं जाणार, इतका साधा हिशोब. म्हणून काय व्हायचं, की मालिकेशी संबंध नसलेली एखादी पटकथा घ्यायची, तिच्यात पिनहेडला पाच-दहा मिनिटं आणून उभा करायचा, की झाला पुढचा भाग. सातवा 'डेडर' हा असाच मुळात वेगळ्या पटकथेवरून बेतलेला. सातवा आणि आठवा दोन्ही रोमानियात पाठोपाठ चित्रित झाले, कारण तिथे स्वस्त पडायचं. आठव्यात हेन्री कॅव्हिल आहे, पुढे सुपरमॅन झाला तो. आणि पाचव्याचा दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन, ज्यानं नंतर 'सिनिस्टर' आणि 'डॉक्टर स्ट्रेंज' केले. तेव्हा या स्वस्त भागांना सरसकट नाकं मुरडू नयेत. नव्या माणसाला कॅमेऱ्यामागे उभं राहू देणारी जागा हॉलिवूडमध्ये फार थोडी असते, आणि ही त्यातली एक होती.

आता 2006. नव्यानं, मोठ्या खर्चात पहिला सिनेमा पुन्हा करायचा असं जाहीर झालं. बार्करचं नाव पुन्हा जोडलं गेलं. मग एक दिग्दर्शक आला, गेला. दुसरा आला, गेला. फ्रान्समधल्या नव्या भयपटांचे गाजलेले लोक येऊन गेले. वर्षं जात राहिली आणि हाती काही लागलं नाही. इकडे करारातलं घड्याळ मात्र चालूच होतं. हक्क तुमच्याकडे आहेत ते तुम्ही सिनेमा काढाल म्हणून. ठरलेल्या मुदतीत काढला नाही तर हक्क हातचे जाणार. मोठा सिनेमा तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग काय करायचं? नांगराचे चार तास.

2010 मध्ये गॅरी टनिक्लिफला विचारणा झाली. हा माणूस मूळचा रंगभूषेचा. तिसऱ्या भागापासून तो या मालिकेत जखमा, कातडी आणि खिळे बनवत आलेला, इंग्लंडातून अमेरिकेत स्थिरावलेला कारागीर. ताबडतोब पटकथा हवी होती आणि त्यानं ती लिहून दिली. दिग्दर्शक म्हणून स्पेनचा व्हिक्टर गार्सिया आला; दुसऱ्यांच्या सिनेमांचे स्वस्त पुढचे भाग काढण्याचा त्याला अनुभव होता. बजेट सांगितलं जातं ते तीन लाख डॉलर. 1987 मध्ये पहिल्याला दहा लाख लागले होते, हे ध्यानात घ्या. मध्ये तेवीस वर्षांची महागाई गेली आहे. चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या आसपास मोजक्या दिवसांत उरकलं. हक्क टिकवण्यासाठीच हा सिनेमा केला, हे त्यात काम केलेल्या माणसांनी नंतर लपवलंही नाही.

डग ब्रॅडलीनं नकार दिला. पहिल्या आठही भागांत, अगदी टुकार भागांतसुद्धा, ज्यानं ते खिळे सोसले, तो या वेळी आला नाही. असा घाईनं उरकलेला सिनेमा आपल्याला नको, हे त्यानं जाहीरपणे सांगितलं. मग पिनहेडचं शरीर एका नटाचं आणि आवाज दुसऱ्याचा, अशी जोडणी झाली. पहिल्या सिनेमात बाजारासाठी आवाज बदलले होते. नवव्यात मूळ माणूसच नव्हता म्हणून.

सिनेमा आहे कसा? दोन तरुण मित्र मेक्सिकोतल्या तिहुआनाला मौजमजेला जातात, हातात कॅमेरा, आणि परत येत नाहीत. वर्षभरानंतर दोन्ही कुटुंबं एका घरी जेवायला जमतात. त्या रात्री दोघांपैकी एक मुलगा दारात येऊन उभा राहतो, रक्तानं माखलेला. आणि पुढे? पुढे पहिल्याच सिनेमाची गोष्ट: रक्त, परतणारा मेलेला मित्र, त्याच्यासाठी आणलेले बळी, दुसऱ्याची कातडी पांघरणं. इतकी जुळते की टनिक्लिफनं घाईत जुनाच साचा पुढे ओढला असं वाटावं.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मधले चार भाग ज्या घरापासून दूर भटकत होते, त्या घराकडे नववा परत आला. एक जेवणाचं टेबल, पाच-सहा माणसं, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं. पैसा नसला की लेखक एका खोलीत अडकतो, आणि एका खोलीत अडकला की त्याला माणसांबद्दल लिहावं लागतं. गरिबीतून असं काही चांगलं निघू शकतं. इथे मात्र ते निघालं नाही, कारण वेळच नव्हता. नटांना एकमेकांची ओळख होण्याआधी चित्रीकरण संपलं असावं असा भास होतो. रंगभूषा तेवढी पैशाच्या मानानं नीट आहे. कारागिरानं आपलं घरचं काम केलंय.

2011 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका चित्रपटगृहात त्याचा एक खेळ झाला. एक चित्रपटगृह, एक खेळ. मुख्यतः त्यात काम केलेल्या मंडळींसाठी, पण कागदोपत्री सगळ्यांना खुला. ऑक्टोबरात डीव्हीडी आली. मधल्या काळात जाहिरातीत 'क्लाइव्ह बार्करच्या मनातून' अशा अर्थाची ओळ झळकली आणि बार्कर भडकला. हे आपल्या मनातून निघालेलं नाही, हे त्यानं ऑगस्टमध्ये ट्विटरवर जाहीर केलं. कुठून निघालेलं नाही हे सांगताना त्यानं शरीराच्या आणखी एका भागाचा उल्लेख केला, तो व्यासपीठावरून सांगण्याजोगा नाही.

राग आला हे समजतं. पण रागावून तो करू काय शकत होता? काहीच नाही. गोष्ट त्याची, नाव त्याचं, आणि सही केलेला कागद दुसऱ्याच्या कपाटात.

असं याआधीही झालं होतं. 'फँटास्टिक फोर' या कॉमिकचे सिनेमाचे हक्क जर्मन निर्माता बर्न्ड आयशिंगर याच्याकडे होते आणि मुदत 1992 अखेर संपत होती. वर्षाचे शेवटचे दिवस उरले असताना चित्रीकरण सुरू झालं. रॉजर कॉर्मन या स्वस्त सिनेमांच्या बादशहाच्या मदतीनं, दहा लाख डॉलरच्या आसपास. सिनेमा पुरा झाला आणि अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. त्यातल्या नटांना वाटत होतं की आपलं नशीब उघडलं. स्वतःच्या पैशानं प्रचार करत फिरले बिचारे. आयशिंगरच्या हातात हक्क राहिले आणि 2005 चा मोठा 'फँटास्टिक फोर' त्याच्याच निर्मितीत आला. म्हणजे धंद्याच्या बाजूनं पाहिलं तर नांगर वाया गेला नाही. वाया गेलं ते त्या नटांचं वर्ष.

इथवर एका घड्याळाची गोष्ट झाली, निर्मात्याच्या. आता दुसरं घड्याळ, लेखकाचं. त्याची टिकटिक 1978 पासून अमेरिकेच्या कायद्यात चालू आहे, आणि बरीच वर्षं ती फारशी कोणाच्या कानावर गेली नव्हती.

अमेरिकेचा 1976 चा कॉपीराइट कायदा 1 जानेवारी 1978 ला अमलात आला. त्याचं कलम 203 असं म्हणतं, की लेखकानं या तारखेनंतर आपले हक्क दुसऱ्याला लिहून दिले असतील, तर 35 वर्षांनी तो ते परत घेऊ शकतो. नोटीस मात्र आधी द्यायची, किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. आणि त्यातली खरी गंमत: करारात काहीही उलट लिहिलेलं असलं तरी हा अधिकार जात नाही. 'मी कधीही परत मागणार नाही' असं लिहून दिलं असलं तरी मागता येतं. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: गोष्ट विकताना तिची किंमत कोणालाच माहीत नसते, आणि तेव्हा लेखक दुबळा असतो. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या दोन पोरांनी तो 1938 मध्ये 130 डॉलरला विकला होता, हे उदाहरण सगळ्यांसमोर होतं.

या कलमातून भयपटांची एक मोठी लढाई झाली. 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची पहिली पटकथा व्हिक्टर मिलर यानं 1979 मध्ये लिहिली. 2016 मध्ये त्यानं नोटीस दिली. निर्माते म्हणाले, तो आमचा नोकर होता. नोकरीत लिहिलेलं मालकाचं, त्याला हे कलम लागू नाही. कोर्टानं 2018 मध्ये आणि अपील कोर्टानं 2021 मध्ये सांगितलं, की तो नोकर नव्हता, स्वतंत्र लेखक होता. हक्क परत. पण मजा बघा, परत मिळालं ते त्यानं लिहिलं तेवढंच. हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन त्याच्या पटकथेत नाहीच. तो मुखवटा तिसऱ्या भागात, 1982 मध्ये आला. म्हणजे घर एकाचं आणि घरातलं भूत दुसऱ्याचं.

मिलरचा वकील मार्क टोबेरॉफ, आणि तोच बार्करचाही वकील झाला. बार्करनं नोटीस दिली, वाद कोर्टात गेला आणि 2020 मध्ये तडजोड झाली. 19 डिसेंबर 2021 पासून 'हेलरेझर'चे अमेरिकेपुरते हक्क बार्करकडे. 2021 मधून 35 वजा करा, 1986 येतं. पहिला सिनेमा चित्रित होत होता ते वर्ष.

दरम्यान तिकडे नांगर आणखी एकदा फिरला होताच. दहावा भाग 'जजमेंट', 2018 चा, साधारण साडेतीन लाख डॉलरमध्ये, आणि या वेळी दिग्दर्शक खुद्द टनिक्लिफ. त्याच वर्षी मार्चमध्ये वाइनस्टीन कंपनी दिवाळखोरीत गेली. कारणं तुम्हाला ठाऊक आहेत आणि ती कुठल्याही भयपटापेक्षा भयंकर आहेत. मग 2022 मध्ये अकरावा सिनेमा आला, डेव्हिड ब्रुकनरचा, पिनहेडच्या भूमिकेत जेमी क्लेटन, आणि निर्मात्यांत क्लाइव्ह बार्करचं नाव.

कोणी विचारेल, आपल्याकडे काय? आपल्या 1957 च्या कायद्यात 35 वर्षांनी परत घ्यायची सोय नाही. पण दुसरी दोन कलमं आहेत, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकानं ती पाठ करावीत. हक्क लिहून दिले, पण घेणाऱ्यानं वर्षभरात वापरले नाहीत, तर ते आपोआप संपतात. आणि करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. मेख अशी, की पहिल्या कलमात 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' हे शब्द आहेत, आणि आपले छापील करार नेमकं ते वेगळं ठरवूनच येतात. आमच्या ओळखीच्या एका कथालेखकाच्या करारात 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' असे शब्द होते. विश्वात! मंगळावर त्या कथेची मालिका निघाली तरी याला काही मिळणार नाही. सिनेमा निघाला नाहीच, आणि कथाही अजून त्याच कपाटात आहे. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार, संगीतकार आणि लेखकांना रॉयल्टीचा असा वाटा दिला, जो करारानंही सोडून देता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. पण तो पैशातला वाटा आहे. गोष्ट परत मिळण्याचा रस्ता तो नाही.

आणि शेवटी त्या नवव्या भागाचं काय झालं तेही सांगतो, कारण प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारणारच. कलम 203 मध्ये अशी तरतूद आहे, की हक्क परत गेले तरी आधीच तयार झालेल्या कलाकृती ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्या पूर्वीसारख्याच चालवता येतात. त्यामुळे बार्करला त्याची गोष्ट मिळाली. तोवर बनलेले दहा सिनेमे जिथे होते तिथेच राहिले. 'रेव्हलेशन्स'सुद्धा त्यातच.